‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ खेळून संपवल्यावर

या पावसाळ्यात, आषाढाच्या सुरुवातीपासून श्रावण अर्धा सरेपर्यंत, गोव्यात फोंड्यातल्या आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ हा आभासी वास्तवातला नेमबाजीचा खेळ शेवटापर्यंत खेळलो. एकूण १६ तासांहून थोडा अधिक वेळ लागला. सराईत माणूस तो १२-१३ तासांत उरकतो; परंतु मी प्रत्येक खण उघडून पाहणाऱ्यांपैकी आहे, आणि माझे वयही आता पंचेचाळिशीच्या पुढे गेले आहे. खेळ प्रसिद्ध झाला तो २३ मार्च २०२० रोजी, म्हणजे आपल्याकडे टाळेबंदी सुरू झाली त्याच आठवड्यात. इतक्या उशिरा त्याचे परीक्षण लिहिण्याचे कारण एवढेच की, हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा पडदा, माझ्या हाती आत्ता आला. दुबईला नोकरी करणारा मावसभाऊ सुट्टीवर येताना तो घेऊन आला, आणि तो चालवण्याइतका दमदार संगणक मुलाच्या अभ्यासाच्या नावाखाली घरात आधीच येऊन बसला होता.

या खेळाचे मर्म बंदूक झाडण्यात नसून बंदूक भरण्यात आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे सांगण्याआधी खेळाच्या घराण्याची थोडी ओळख करून देतो.

‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीने पहिला ‘हाफ-लाइफ’ १९९८ साली काढला आणि दुसरा २००४ साली. दुसऱ्या भागाला जोडून आलेली गोष्ट २००७ साली अशा वळणावर येऊन थांबली की, पुढे काय झाले हे कळायला खेळणाऱ्यांना १३ वर्षे थांबावे लागले. ‘ॲलिक्स’ची कथा कालक्रमाने पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधली, दुसऱ्या भागाच्या पाच वर्षे आधीची आहे. पृथ्वी ‘कम्बाइन’ नावाच्या परग्रही सत्तेच्या टाचेखाली आहे, पूर्व युरोपीय धाटणीच्या ‘सिटी १७’ या शहरात माणसे मान खाली घालून जगत आहेत, आणि तरुण ॲलिक्स व्हान्स पकडल्या गेलेल्या आपल्या वडिलांना, म्हणजे ईलाय व्हान्स यांना, सोडवायला निघते. आपण ॲलिक्स असतो. जुने दोन्ही खेळ न खेळलेल्या माणसालाही ही कथा समजते. फक्त शेवटचा अर्धा तास त्याच्यासाठी बराचसा मुका राहील.

आता बंदुकीकडे वळतो. सपाट पडद्यावरच्या खेळांत बंदूक भरायची म्हणजे एक कळ दाबायची. उरलेले काम पडद्यावरचे हात आपोआप करतात. येथे हातांत धरलेले कंट्रोलर आपल्या हालचाली टिपतात, त्यामुळे ते हात आपले असतात. खटका दाबून रिकामे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) खाली पाडायचे, दुसरा हात खांद्यावरून मागे नेऊन पाठीवरच्या पिशवीतून नवे काढायचे, ते पिस्तुलाच्या मुठीत सरकवायचे आणि वरची स्लाइड मागे ओढून सोडायची. निवांतपणी हे सगळे दोन सेकंदांत होते. परंतु तोंडावर झेप घेणारा ‘हेडक्रॅब’, म्हणजे सोललेल्या कोंबडीएवढा तो चार पायांचा किळसवाणा प्राणी, समोर दबा धरून बसलेला असताना हेच दोन सेकंद माणसाला स्वतःविषयी बरेच काही दाखवून देतात. पहिल्या दोन संध्याकाळी मी भरलेले मॅगझिन घाईघाईत जमिनीवर टाकले, खांद्याऐवजी कानामागे चाचपडत राहिलो, आणि एकदा तर स्लाइड ओढायचे विसरून पिस्तूल बिघडले आहे अशा समजुतीने चाप ओढत बसलो. नेम चुकला तर माणूस नशिबाला दोष देतो. स्वतःचीच बोटे अडखळली की तो दोष कुठे ढकलायचा, हे सुचत नाही.

आठवडाभराने हात न सांगता मागे जाऊ लागला. घुमट वाजवणाऱ्याच्या बोटांना जसा ताल मोजावा लागत नाही, तशी ती क्रिया अंगात मुरली. नेमक्या त्याच सुमारास खेळाने हाती दुसरे शस्त्र दिले. ती शॉटगन मधून मोडून उघडायची, आत काडतुसे एकेक करून भरायची आणि मनगटाला झटका देऊन मिटायची. म्हणजे पुन्हा पहिलीपासून शाळा. खेळात शस्त्रे तीनच आहेत: पिस्तूल, शॉटगन आणि शत्रूच्या बनावटीची एक छोटी मशिनगन. तिन्ही एका हातात मावतात. एक हात नेहमी मोकळा राहावा, म्हणजे दार ढकलता यावे, फळीवरच्या वस्तू बाजूला करता याव्यात, अंगावर आलेला हातबॉम्ब झेलून परत फेकता यावा, असा त्यामागचा विचार आहे. काही खेळाडूंना ही संख्या अपुरी वाटते. मला वाटली नाही, कारण प्रत्येक शस्त्र हे येथे एक वेगळे हस्तकौशल्य आहे, आणि अशी दहा कौशल्ये १६ तासांत कोणाच्याही हाताला आली नसती.

वस्तू उचलण्याची सोयही हाताचीच आहे. रसेल नावाचा एक बडबड्या शास्त्रज्ञ सुरुवातीलाच ॲलिक्सला हातमोज्यांची एक जोडी देतो. दूरच्या वस्तूकडे हात रोखला की ती उजळते; मूठ आवळून मनगट आपल्याकडे झटकले की ती उडत येते, आणि ती मधल्यामध्ये झेलायची असते. स्लिपमध्ये उभे राहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे पाच मिनिटांत जमेल. मला जमले तेव्हा त्याचा इतका नाद लागला की, अर्धा तास पुढे न सरकता मी खोलीतले डबे आणि बाटल्याच झेलत बसलो होतो. खेळ त्याबद्दल घाई करत नाही, हे त्याचे मोठेपण मानतो. गोळ्या मोजक्याच मिळतात, त्या खणांत, खोक्यांत, फळ्यांच्या मागे दडवलेल्या असतात, आणि शस्त्रांत सुधारणा करण्यासाठी लागणारे ‘रेझिन’ तर अधिकच आडबाजूला ठेवलेले असते. त्यामुळे आपण आपोआप सावकाश चालायला लागतो, वाकून पाहतो, कोपऱ्यात मान घालतो.

जत्रांमधल्या मराठी नाटकांना मी गेली अनेक वर्षे प्रकाशयोजना करत आलो आहे. रंगमंचावरचे कपाट रंगवलेले असते, पुस्तके पुठ्ठ्याची असतात, बाटलीत कोरा चहा असतो, आणि प्रेक्षकाने जवळ येऊन पाहू नये यावर तर आमचा सगळा धंदा चालतो. या खेळात मात्र प्रेक्षकच रंगमंचावर उतरलेला असतो आणि तो प्रत्येक वस्तू उचलून, उलटी करून पाहणार, हे बनवणाऱ्यांनी पक्के धरलेले आहे. अगदी सुरुवातीच्या गच्चीवरच्या प्रसंगात समोर शहर पसरलेले असते, दूरवर शत्रूचा अजस्र मनोरा बांधला जात असतो, आणि तीन पायांचे एक यंत्र इमारतीवरून ढांगा टाकत निघून जाते. पण मी त्या गच्चीवर सर्वांत जास्त वेळ घालवला तो रेडिओच्या बटणांशी खेळण्यात. आत काचेवर मार्कर पेनाने खरोखर लिहिता येते. मी मराठीत नाव लिहिले. अक्षर नेहमीइतकेच वाईट आले. खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांनी बाटल्यांतले द्रव हलते करण्यात आले, आणि ती बाटली उजेडासमोर धरून हलवली की आतला द्रव ज्या प्रकारे डचमळतो, ते पाहून मी हेडसेट काढून मुलाला बोलावले. तो म्हणाला, “बाबा, तू एवढ्या सगळ्या खेळात बाटली बघितलीस?” होय, बघितली.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर टॉर्चबद्दल सांगायलाच हवे. शहराच्या बंदिस्त केलेल्या विभागात शिरल्यावर काळोखे बोगदे लागतात आणि ॲलिक्सच्या बंदूक नसलेल्या हातावर टॉर्च बसवला जातो. परिणाम असा की, ज्या हाताने मॅगझिन काढायचे त्याच हातावर उजेड असतो. गोळ्या संपल्या की हात खांद्यामागे जातो आणि त्याच्याबरोबर उजेडही मागे जातो. समोर मिट्ट काळोख, त्यात कुठेतरी पायांची खरखर, आणि हात पुन्हा पुढे येईपर्यंत जनावराने जागा बदललेली. भीती उत्पन्न करण्यासाठी रंगमंचावर मी कितीतरी वेळा दिवे मालवले आहेत, परंतु पाहणाऱ्याला स्वतःच्या हाताने दिवा हलवायला लावून घाबरवण्याची ही युक्ती मला कधी सुचली नव्हती. त्या एका बोगद्यासाठी मी ह्या खेळाला शंभरपैकी वीस गुण आधीच देऊन टाकले.

छताचाही धाक असतो. ‘बार्नकल’ नावाचे जीव छताला चिकटून खाली लांब जीभ सोडून बसतात. होडीच्या बुडाला आणि जेटीच्या खांबांना घट्ट चिकटणाऱ्या कवचाच्या जिवांचे इंग्रजी नाव त्यांना दिलेले आहे. ज्याने त्यांच्यावर तळवा घासून घेतला असेल, त्याला ते चपखल वाटेल. आमच्या खेळायच्या खोलीत चवथीच्या माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळे-पाने टांगण्याची, लाकडी चौकट वर्षभर छताखाली टांगलेली असते. एकदा जीभ चुकवताना मी झटकन हात वर केला आणि माझी बोटे त्या चौकटीवर आपटली. क्षणभर खरोखरच काहीतरी पकडल्याचा भास होऊन मी जो ओरडलो, तो ऐकून आई देवघरातून धावत आली आणि म्हणाली, “अरे, भर संध्याकाळी काय हे हवेत चाचपडणे?”

खेळाचे अकरा भाग आहेत. त्यांतल्या सातव्याचे नाव आहे ‘जेफ’, आणि मी कोणाला एकच भाग दाखवायचा ठरवला तर हाच दाखवीन. जागा आहे व्होडका गाळण्याचा एक बंद पडलेला कारखाना. त्यात जेफ नावाचा एक, कधीकाळी माणूस असलेला, प्राणी फिरत असतो. त्याला दिसत नाही, पण ऐकू मात्र अतिशय चांगले येते, आणि बंदुकीच्या गोळ्यांनी तो मरत नाही. म्हणजे गेले कित्येक दिवस बोटांना शिकवलेली सगळी विद्या एका झटक्यात निरुपयोगी ठरते. भर म्हणून कारखान्यात जागोजागी वाढलेल्या परग्रही वनस्पती हवेत बीजकणांची धूळ सोडतात, तिने ॲलिक्सला खोकला येतो, आणि खोकला आला की जेफ येतो. उपाय एकच: तोंडावर हात धरायचा. बटण नाही, खूण नाही. आपला खरा हात आपल्या खऱ्या तोंडापाशी न्यायचा.

ती तासाभराची धडधड शब्दांत आणणे कठीण आहे. कपाट उघडावे तर आत ओळीने बाटल्या, त्यातली एक दाराला टेकलेली; दार जरा जोरात ओढले की ती निसटते, आणि ती जमिनीवर पडण्याआधी झेलली नाही तर खेळ संपला. दोन हातांची कामे समोर येतात तेव्हा तोंड उघडे पडते. बाटली दूर फेकून जेफला तिकडे वळवता येते, पण फेकायला हात हवा, तोंडावर हात हवा, आणि दारालाही हात हवा. मनुष्याला हात दोनच आहेत याची इतकी तीव्र जाणीव मला यापूर्वी झाली नव्हती. लहानपणी आजोळी सत्तरीत काजूच्या हंगामात दारू गाळण्याच्या भट्टीवर जात असे. तिथली पिंपे, नळ्या, ओळीने मांडलेल्या बाटल्या आणि ओल्या जमिनीवर पाय जपून टाकण्याची सवय मला त्या कारखान्यात शब्दशः उपयोगी पडली. हेडसेटमधून वास येत नाही हे मला माहीत आहे, तरी आंबलेल्या रसाचा वास मला त्या तासात दोनदा आला. मधल्या एका ठिकाणी तोंड झाकणारा मुखवटा मिळतो आणि हात मोकळा होतो; पण तोपर्यंत सवय अशी जडलेली असते की मुखवटा घालूनही मी तोंडावर हात धरूनच चालत होतो, आणि हातातला कंट्रोलर हेडसेटवर टक् टक् आपटत होता.

या भागानंतर खेळ काहीसा उतरतो, हे नमूद करायला हवे. कम्बाइनच्या सैनिकांशी होणाऱ्या चकमकी चांगल्या आहेत, काहींच्या पाठीवरच्या टाकीचा नेम धरण्यात मजाही येते, परंतु त्यांची चाल थोड्या वेळाने ओळखीची होते, आणि पुढच्या प्रत्येक मोकळ्या पटांगणात आता सैनिक उतरणार, हे पाऊल टाकण्याआधीच कळू लागते. कुलपे उघडण्यासाठी हवेत तरंगणाऱ्या गोलांवरची कोडी सोडवावी लागतात. पहिली चार गमतीची होती, दहाव्याला मी उसासा टाकला. भिंतीआड गेलेल्या विजेच्या तारा शोधण्याचे कोडे मात्र शेवटपर्यंत टवटवीत राहिले. आणखी एक गोष्ट खटकते. एवढ्या सगळ्या वस्तू हातात धरता येतात, तरी खुर्ची किंवा लोखंडी नळी उचलून शत्रूच्या डोक्यात घालता येत नाही; वस्तू त्याच्या अंगावर नुसती टेकते. ज्या मालिकेत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, हे जुन्या भागांतल्या नायकाचे बोधचिन्हच होऊन बसले, तिच्यात हाणामारीला जागा नसावी, हे मला विचित्र वाटले. संगीत माइक मोरास्की यांचे असून ते प्रसंगाला साजेसे आहे. मी त्याकडे फारसे लक्ष देऊ शकलो नाही.

संवादांबद्दल थोडे. कानातल्या यंत्रातून रसेल सतत बोलत असतो आणि रीस डार्बी यांच्या आवाजामुळे तो कंटाळवाणा होत नाही. आक्रमणानंतरच्या जगात वाढलेल्या ॲलिक्सला तो क्लब सँडविच म्हणजे काय ते समजावून सांगतो, तो प्रसंग हसवतोही आणि घशात थोडा अडकतोही. ॲलिक्सला आवाज ओझिओमा अकाघा यांनी दिला आहे, ईलाय यांना जेम्स मोझेस ब्लॅक यांनी. भाषा इंग्रजी असली तरी उपशीर्षके लावता येतात, आणि पावसाच्या आवाजात ती मला लावावी लागली.

ज्यांना हा खेळ आपल्या घरी खेळायचा आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. खेळ संगणकावरच चालतो. किमान १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५८० च्या तोडीचे, ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड लागते. हेडसेटशिवाय तो खेळण्याची अधिकृत सोय नाही. मूळ किंमत सुमारे ६० डॉलर आहे. सवलतीचा हंगाम पाहून घेतल्यास तो बराच स्वस्त पडतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांवर पाच मिनिटांत वाफ धरते, त्यामुळे मी समोर टेबलफॅन लावून खेळत असे. त्याचा दुसरा फायदा नंतर कळला: वारा चेहऱ्यावर कोणत्या बाजूने येतो त्यावरून खऱ्या खोलीत आपले तोंड कुठे आहे ते समजते आणि माणूस भिंतीवर जाऊन आदळत नाही. खेळून झाल्यावर हेडसेट खिडकीत ठेवू नये. भिंगातून थेट ऊन आत गेले तर आतला पडदा भाजतो. वीज तर आमच्याकडे पावसात जाणारच. खेळ मधूनमधून आपोआप जतन होतो, आणि आपल्या मनाने हवे तेव्हाही जतन करता येतो. ती सवय लावून घ्यावी.

चक्कर येण्याचा प्रश्न सर्वांना पडतो. डोळ्यांना आपण चाललो आहोत असे दिसते, पण कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण जागच्या जागी उभे आहोत. ह्या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळते. ज्यांना चोर्ला घाटात लिंबू हुंगावे लागते, त्यांनी सुरुवात उडी मारून जागा बदलण्याच्या पर्यायाने करावी: जायचे ठिकाण हाताने दाखवायचे, क्षणभर दृश्य मिटते आणि आपण तिथे असतो. मी पहिले तीन भाग असेच खेळलो आणि नंतर सलग चालण्याच्या पर्यायावर गेलो. खरे सांगायचे तर जेफच्या भागात सलग चालण्यालाच अर्थ आहे. एकेक पाऊल मोजून टाकण्यातली धास्ती उडी मारण्यात राहत नाही. बसून खेळण्याची आणि एकाच हाताने खेळण्याचीही व्यवस्था आहे. गुडघे दुखत असताना दोन संध्याकाळी मी खुर्चीवर बसून खेळलो. आडोशामागे वाकण्याची मजा कमी झाली, बाकी फारसे बिघडले नाही. एका वेळी पाऊण तासापेक्षा अधिक खेळू नये. अर्धा किलोचा ऐवज कपाळावर घेऊन वावरल्यावर मान दुसऱ्या दिवशी त्याची आठवण करून देते.

शेवटाविषयी तपशील देणे योग्य होणार नाही. शहरावर तरंगणाऱ्या एका अवाढव्य तिजोरीपर्यंत सगळी वाट जाते, आणि तिच्या आत पोहोचल्यावर खेळाचे नियम असे बदलतात की, ज्या हातांना आपण १६ तास गोळ्या भरायला शिकवले, त्यांना एक अगदीच वेगळी शक्ती प्राप्त होते. ती वापरताना मला मुलासारखा आनंद झाला, आणि त्याच वेळी जेफच्या कारखान्यातली दरिद्री, दोन हातांची धडपड हवीहवीशीही वाटली. त्यानंतरचे संभाषण आणि शेवटच्या नावांच्या यादीनंतरचा छोटा प्रसंग हे २००७ साली थांबलेल्या गोष्टीला येऊन भिडतात. तो दुवा लागावा म्हणून, ज्यांना सवड आहे त्यांनी दुसरा ‘हाफ-लाइफ’ आणि त्याचे जोडभाग आधी खेळावेत, अशी माझी शिफारस आहे. मी ते वीस वर्षांपूर्वी खेळायला सुरुवात केली होती, तरी मला बरेचसे आठवले.

खेळ बनवणाऱ्यांनी २०२० सालीच स्वतःची टिपणे आवाजाच्या स्वरूपात त्यात घातली आहेत. कोणती खोली का तशी मांडली, कोणता उजेड कुठे ठेवला, हे त्या त्या जागी उभे राहून ऐकता येते. मी ती लावून पुन्हा पहिल्या गच्चीवर उभा राहिलो होतो. पण तेवढ्यात चवथ जवळ आली, माटोळीचे सामान खोलीत येऊन पडले, आणि हेडसेट कपाटात गेला. विसर्जनानंतर पुन्हा त्याच काळोख्या बोगद्यापासून सुरुवात करणार आहे, आणि या वेळी टॉर्चच्या जागी काय टिपण ठेवले आहे तेच आधी ऐकेन.